ओल्ड इंग्लिशची केस फोडू नये

काल डॉ. उज्वला गांगुर्डे यांनी मला तपासून लेखी दिले की माझी समज आणि स्मरण शाबूत आहे. म्हणून मी, हिरामण केरू शेवाळे, वय ७६, धंदा खिळे जुळवून छपाई, रा. रविवार कारंजा, नाशिक, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. आधीचे काही लिखाण सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी लंकाबाई हिच्या. तिच्यानंतर मुलगा अमोल व मुलगी पूजा यांना निम्मेनिम्मे. तोवर तिला "एवढ्या खोल्या कशाला लागतात" असे कोणी विचारू नये.

२. छापखान्याचा गाळा आणि छपाईचे ट्रेडल मशीन अमोलला. विकायचे तर विकावे. त्याला या कामाची आवड नव्हती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

३. ओल्ड इंग्लिश टाइपाची केस, म्हणजे शिशाच्या अक्षरखिळ्यांचा खणाखणांचा ट्रे, पूजाला, संपूर्ण. घरात वाद याच कलमावर आहे. हे इंग्रजी अक्षर रुंद टाकाने लिहिल्यासारखे दिसते: उभे फराटे जाड, वळणे मोडून कोन केलेले, जोडरेषा केसासारखी बारीक. अमोल म्हणाला, "अप्पा, कॅपिटल अक्षरं सुटी विकू. लोक शोकेसमध्ये ठेवतात."

"आणि उरलेल्यातून छापायचं काय?"

"आता छापतं कोण?"

पूजा छापते. विंचूरच्या वाइनची लेबलं तीच करते. ती म्हणाली, "दादा, कम्प्युटरवर आहे रे हे अक्षर, पण त्याचा ठसा कागदात दबत नाही." तेव्हा एकही खिळा सुटा देऊ नये.

४. पूजाने हे अक्षर प्रशस्तिपत्रक, नाताळचे कार्ड, लेबल यांच्या शीर्षकापुरते, दोन-चार शब्दांतच वापरावे. मजकुराला नको, पत्त्याला तर नकोच. सगळी अक्षरे कॅपिटल कधीही लावू नयेत; ती एकमेकांत गुंततात.

५. धाकटा भाऊ बहिरू याने मुलाच्या लग्नपत्रिकेत हट्टाने मंगल कार्यालयाचे नाव याच अक्षरात, सगळे कॅपिटलमध्ये लावून घेतले. ते वाचता न आल्याने ओझरच्या कारखान्यातले त्याचे सहकारी भलत्याच लग्नात जेवून आले. तो अजून म्हणतो, "तुझ्या अक्षरानं माझी लाज काढली." त्याला माझा चष्मा द्यावा.

६. केस माझ्या डोळ्यांदेखत जावी अशी इच्छा आहे. हे सर्व मी मुलांना वाचून दाखवले. अमोलने केस एका टोकाला उचलून पाहिली. मग म्हणाला, "शिसं आहे ते. तिला एकटीला उचलणार नाही." शुक्रवारी दस्त नोंदवला की पूजा टेम्पो घेऊन येईल. केसचे दुसरे टोक अमोल धरेल, असे दिसते.

सही: हिरामण केरू शेवाळे

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार: १. डॉ. उज्वला गांगुर्डे २. यादव पगार, शेजारी

नाशिक, दि. १२ फेब्रुवारी २०२५