पडद्याकडे पाठ

अप्पा, आज दुपारी थेटरात मी पडद्याकडे पाठ करून बसले होते. अगदी पुरती पाठ नाही, मॉलमधल्या त्या गुबगुबीत खुर्च्या तेवढ्या वळू देत नाहीत, पण कुशीवर वळून, हनुवटी खांद्यावर टेकवून मी सिनेमा सोडून लोकांचे चेहरे बघत होते. ही सवय तुमची. तुम्ही टॉकीजमध्ये डोअरकीपर होतात आणि इतक्या वर्षांत एक सिनेमा धड पाहिला नाहीत. दाराला पाठ टेकवून, पाच सेलची स्टीलची बॅटरी काखेत धरून तुम्ही पब्लिक बघायचात. शनिवारी आई मला तुमचा डबा द्यायला पाठवायची आणि मॅटिनी संपेपर्यंत मी पुढच्या बाकांलगतच्या दाराजवळ स्टुलावर बसायची. तुम्ही मला शिकवायचात, "पडदा काय बघायचा? मूती बघ, मूती. मारणारा हात मागनं उचलतो, मूती अगोदर सांगती." मूती म्हणजे तोंड, आपल्या घरात मराठीत कन्नड असं कालवलेलंच असायचं. मला ते शिकायला वेळ लागला नाही. घरी तेच करत होते मी, तुमच्या तोंडाकडे बघून.

आजचा सिनेमा होता समुद्रातून वर येणाऱ्या एका अजस्र जनावराचा. डोंगराएवढं धूड, पाठीवर काटे, शेपटीच्या एका फटक्यात पूल कोसळतो. तुमच्या काळातही असाच एक आला होता, आठवतंय? दसऱ्याची गर्दी होती, कृष्णराजनगरकडची माणसं रोषणाई बघायला आली होती आणि दिवसा काय करायचं म्हणून पुढच्या बाकांवर येऊन बसली होती. तळ्यातून शिंगं वर आली तेव्हा सगळं थेटर ओरडलं, "महिषासुरा! नम्म महिषासुरा!" चामुंडीच्या डोंगरावर ज्याचा पुतळा आहे तो म्हैसूरकरांना घरचाच. शिट्ट्या काय, नाणी काय, कुणी तर पडद्यापुढे कापूर लावला. जनावरानं शहर तुडवलं, लोक खदाखदा हसले. आगगाडी उचलून दातांनी फोडली, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग ते भाताच्या खाचरांत शिरलं. हिरवीगार खाचरं, आणि त्यात ते पाय. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा ताडकन उभा राहिला आणि हात जोडून पडद्याला म्हणाला, "अय्यो, गद्दे तुळीबेड्रो! तुळीबेड्रो!" शेत तुडवू नका म्हणून तो विनवत होता. त्याच्या मागे त्याच्या गावची सगळी माणसं उभी राहिली. आगगाडीतली माणसं मेली तेव्हा हसणारे ते, आता रडकुंडीला आले होते.

बाल्कनीतली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी वरून केळ्याचं साल फेकलं, ते म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडलं. खालच्यांनी चप्पल भिरकावली, वरून बाटली आली आणि एकाच्या कपाळावर फुटली. लाकडी खुर्च्यांचे हात उपटून निघायला लागले. आणि तुम्ही आत गेलात. मला वाटलं, तुम्ही बाल्कनीचा जिना चढाल. तुम्ही सरळ पुढे गेलात आणि अजून हात जोडून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बॅटरी हाणलीत. एकदा नाही. तो खाली बसला तरी हाणत राहिलात. रक्ताची चिळकांडी तुमच्या खाकी शर्टावर उडाली, त्याचा एक दात घरंगळत माझ्या स्टुलापाशी आला. मागे पडद्यावर जनावर गर्जत होतं आणि कुणीही तिकडे बघत नव्हतं. सगळे तुमच्याकडे बघत होते. मारामारी थांबली होती. शो सुटल्यावर तुम्ही मला चुरमुरी घेऊन दिलीत, कांदा जास्त घालायला सांगून. पुडा ज्या हातानं दिलात त्याच्या नखांत लाल होतं. मी खाल्ली ती चुरमुरी. चव छान होती, हे आजही कबूल करते आणि संताप येतो.

घरी वेगळं काय होतं? जेवायला बसलात की तुमची नजर आमच्या तोंडांवरून फिरायची, थेटरात रांगा बघायचात तशी. कुणाचं तोंड वाकडं झालं, कुणाचे डोळे भरले की तिथं तुम्ही. भाकरी करपली म्हणून तुम्ही आईला कधी मारलं नाहीत, हे सांगायला हवं. करपलेल्या भाकरीवर तुम्ही काही बोलायच्या आत तिच्या तोंडावर जी भीती यायची, तिच्यासाठी मारलंत. "एन, काय मूती ती? मी राक्षस आहे का?" असं ओरडत मारायचात. तिचा डावा कान त्यातच गेला. माझं मनगट असंच एकदा पिरगळलंत, बोटं निळी होईपर्यंत. पकड कशी असते ते मी तिथंच शिकले: अंगठा खालून, चार बोटं वरून, आणि मग कोपराकडे पीळ.

पण खंडेनवमी! अप्पा, त्या एका दिवसासाठी मी वर्षभर जगायची. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, त्यांची गंजलेली तलवार पाटावर मांडायचात, शेजारी तुमची बॅटरी, आईची विळी, माझं दप्तर. सगळ्याला हळदकुंकू. मग उजवा हात आईपुढे करायचात आणि आई तुमच्या मनगटावर कुंकवाचं बोट ओढायची. आपल्या घराण्याची रीत ती: शिपायाचं पहिलं शस्त्र म्हणजे हात, त्याचीही पूजा. आणि पूजेला मांडलेलं शस्त्र त्या दिवशी चालवायचं नाही. दिवसभर तो हात तुम्ही खिशात घालून फिरायचात. जेवायचात तेवढाच काढायचात. आणि आई! वर्षभर तोंड शिवलेली ती बाई त्या दिवशी तुम्हाला फाडफाड बोलायची. मुद्दाम ताटल्या आपटायची. मी तुमच्यासमोर मोठ्यानं हसायची, पाणी मागितलंत तर "घ्या की तुमचं तुम्ही" म्हणायची. तुम्ही खालच्या मानेनं ऐकून घ्यायचात. संध्याकाळ व्हायला लागली की आमचे आवाज आपोआप उतरायचे.

म्हाताऱ्याला मारलंत त्याच वर्षीची खंडेनवमी. टॉकीजच्या पूजेला मीही होते. पडद्यापुढे कुंकू भरलेला कोहळा आपटला, लाल पाणी पहिल्या रांगेपर्यंत गेलं. तेवढ्यात त्या म्हाताऱ्याचा मुलगा आला. त्यानं पायातली चप्पल काढली आणि सगळ्या स्टाफसमोर तुमच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तुमचं तोंड मी बघितलं, वीज चमकावी तसा राग आला त्यावर. हात मात्र खिशातून निघाला नाही. "आज खंडेनवमी, बाबा. मार, तुला काय मारायचं ते," एवढंच म्हणालात. लोकांना किती कौतुक वाटलं! मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता. आता वाटतो तो नुसता राग, अप्पा. कारण त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला थांबता येत होतं. चपला खाऊनही येत होतं. उरलेल्या वर्षभर तुम्ही थांबला नाहीत, कारण तुम्हाला थांबायचं नव्हतं. ही गोष्ट मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवी होती. तुमच्यापाशी तोंड उघडायचा दिवस एकच असायचा आणि तो नेहमी लवकर संपायचा.

आजही खंडेनवमी होती. तुमचा नातू, माझा मुलगा, सकाळी जयलक्ष्मीपुरमच्या त्याच्या घरून मला न्यायला आला. तुम्ही त्याला जेमतेम मांडीवर घेतलं होतंत, आता तो कंपनीत मोठा इंजिनियर आहे. त्याच्या घरी आधी पूजा झाली. लॅपटॉपला कुंकू, गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, दारात कोहळा फोडला. मनगटाची रीत मी त्याला कधी सांगितलीच नव्हती. आपल्या घरात आता कुणी कुणाला मारत नाही, अशी माझी समजूत होती. मग आम्ही चौघं सिनेमाला गेलो: तो, सून, त्यांची पहिलीतली मुलगी आणि मी. मी कडेला, माझ्याशेजारी नात, पलीकडे तो, त्याच्या पलीकडे सून.

पब्लिक तेच आहे, अप्पा, फक्त हातात फोन आले. इमारती पडायला लागल्या तशा शिट्ट्या सुरू झाल्या, "बिडबेडा, होडी!" म्हणजे सोडू नको, हाण. माणसं चिरडली जात होती आणि माझ्यापुढची बाई मक्याच्या लाह्या खात फोनवर पडदा टिपत होती. मग त्या जनावराला साखळदंडांनी बांधलं आणि मानेत-पाठीत भाले खुपसायला लागले. निळं रक्त बदाबदा वाहिलं. मघाशी त्याच्या बाजूनं ओरडणारे आता मारणाऱ्यांच्या बाजूनं ओरडत होते, टाळ्या तशाच. आख्ख्या थेटरात एकटी आमची नात रडत होती. "आज्जी, पाप ना ते! त्याला बिडायला सांग ना!" कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारं, बिडायला म्हणजे सोडायला, तिच्या मराठीत असे शब्द फार. तिचा आवाज चढला, पुढची दोन माणसं वळली. मुलगा दात आवळून म्हणाला, "सुम्ने बैस, गप्प. लोक बघतायत." ती अजून मोठ्यानं रडली.

मी चेहरे बघत होते ना. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड बदललं, आणि अप्पा, ते तुमचं तोंड होतं, बॅटरी हाणायच्या आधीचं. पण खरं काय ते मला त्याच्याकडे बघून कळलं नाही. पलीकडे सुनेनं डोळे मिटून घेतले होते. त्याचा हात अजून मांडीवर होता आणि तिनं डोळे मिटले, मान खांद्यात ओढली, आईसारखी. तिला ते तोंड ओळखता येत होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची मेल्यावरही गेली नाही.

त्याचा हात वर गेला. तो पोरीच्या कानशिलापर्यंत पोचायच्या आत मी मनगट पकडलं. अंगठा खालून, चार बोटं वरून. "अम्मा, काय करतीस? बिडु!" मी सोडलं नाही. कोपराकडे पीळ दिला. तो खुर्चीतून अर्धा घसरला, एवढा धिप्पाड माणूस, आणि "अम्मा, अम्मा" करायला लागला. हाड कटकन वाजलं. तेवढ्यात पडद्यावर जनावराचं मुंडकं पडलं आणि सगळं थेटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, त्यामुळे आमच्याकडे कुणी बघितलं नाही. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "पुन्हा उचललास तर तोडीन." सुनेनं डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले.

मोडलं नाहीये, मुरगळलंय, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी बांधून तो एकटा आपल्या घरी गेला. सून दवाखान्याच्या पायरीवर म्हणाली, "अत्ते, आम्ही दोघी तुमच्याकडे विजयनगरला येतो. नुसतं आजच्यापुरतं नाही, काही दिवस." मी म्हटलं, हवं तेवढं रहा. रिक्षातून उतरून आम्ही गल्लीत चालायला लागलो, रस्ताभर फुटलेल्या कोहळ्यांच्या फोडी आणि लाल पाणी. नात घसरू नये म्हणून मी उजवा हात पुढे केला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या मागून वळसा घालून पलीकडे गेली आणि माझा डावा हात धरला.

आता दोघी आत झोपल्यात. तुम्ही जन्मात जे केलं नाहीत ते मी केलं, खंडेनवमीला हात चालवला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पोरीच्या कानशिलावर तो हात पडला नाही आणि पडणारही नाही, एवढं मी बघीन. हे पत्र मी कुठं ठेवणार नाही, सकाळी बंबात घालीन. लिहायचंच होतं तर आईला लिहायला हवं होतं. पण एक गोष्ट आईला सांगता येण्यासारखी नाही, सुनेला तर नाहीच, आणि तुम्हाला सांगितलं तर न समजावता कळेल. ते मनगट माझ्या मुठीत कटकन वाजलं ना, अप्पा, तेव्हा मला फार बरं वाटलं.