मारुतरावांवर केलेला प्रथमोपचार

तीर्थरूप गेणबामामांच्या चरणी यवतहून भाचा हौशीराम याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत (एक पाहुणा सोडून, त्याचं पुढं येतंच आहे). मामींचा खोकला उतरला असेल. मांडवगणात पाणी किती आहे आणि म्हैस व्याली का, तेही कळवा. आई रोज विचारते.

मामा, दौंडला प्रथमोपचाराचा वर्ग झाला, त्यात मी पहिला आलो हे तुम्हाला ठाऊक असेलच (नसेल, तर आईनं सांगायचं राहिलेलं तुमचं एकच घर). पट्ट्या, कामट्या, टिंचर अशी पत्र्याची पेटी घेऊन गावात आलो, आणि कुणाला काही होईचना. कुणी ठेचकाळलं नाही की विळ्यानं कापलं नाही. शेजारचा इलाही गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना हटकून बोट चेचून घ्यायचा, तोही मला पाहिलं की हात पाठीमागं लपवू लागला. लोकांचं असं का होतं, मला समजत नाही.

अशात सोमवारी राहू गावचे मारुतराव मला बघायला यायचे होते. त्यांची लेक नकुशी मी इथल्या बाजारात वांगी विकताना पाहिली आहे. चार पोरींवर झाली म्हणून घरच्यांनी तसं नाव ठेवलं असलं, तरी मला ती मनापासून हवी आहे, तुमच्यापासून काय लपवायचं. तेव्हा सगळं मारुतरावांच्या होकारावर होतं. मला वाटलं, पाहुणे चारचौघांना घेऊन बैलगाडीनं येतील. ते आले एकटे, पायी, आणि आमच्या पाण्याच्या पाटावरच्या फळीवरून घसरून माझ्या डोळ्यांदेखत पालथे पडले. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मला फक्त जखमी दिसला.

धावलो. माणूस शुद्धीवर आहे का, हे कळायला आधी नाव विचारावं, असं वर्गात शिकवलं होतं. विचारलं. उत्तर नाही. गाव विचारलं, तर नुसते डोळे वटारले. आता मारुतराव सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन पाळतात, हे सगळ्या राहूला माहीत आहे (आमच्या आबांनाही माहीत होतं, पण ते उसाला पाणी देत होते). मुलाचं घर न बोलता जास्त कळतं, म्हणून ते मुद्दाम सोमवार धरून आले होते म्हणे. मी समजलो, मेंदूला मार. डोक्याला पट्टी बांधली, हनुवटीखालून दुसरी घेतली. ते पाय झाडू लागले, तशा दोन्ही पायांना कामट्या बांधल्या. उजवा हात सारखा माझ्यापुढं करत होते, तो मी धीर देण्यासाठी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. मग बांबूंना पोती अडकवून इलाही आणि मी त्यांना भर बाजारातून डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांच्या ओसरीवर कंदील लागला आणि मारुतरावांनी पट्टी उघडू देईल तेवढं तोंड उघडलं.

"येड्या, हात मोडलाय. दुपारधरनं त्योच दावतुया तुला."

नेमका तोच हात माझ्या पट्टीतून सुटला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना राहूला पोचवलं. त्यांनी अंगणात बसून सगळं घरच्यांना सांगितलं, आणि दाराआड नकुशी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मामा, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो आणि त्याच वेळी इतका सुखावलो की सांगता येत नाही. मारुतराव म्हणाले, "हात बरा झाला म्हंजी बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे नाहीच, असं आबांचं मत.

मामींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक
हौशीराम

ता. क. मारुतराव तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. बुधवारी राहूला जाऊन माझ्यासाठी शब्द टाका.

दुसरा ता. क. तरीही ते 'बघू'च म्हणाले, तर त्यांच्या अंगणात चक्कर येऊन पडा. मी पेटी घेऊन कुंपणाशी असेन. गोठ्याच्या बाजूला पडा, तिथं भुसा आहे. मात्र खरोखर लागू देऊ नका. मला ते बघवत नाही. मारुतरावांचा सुजलेला हात बघून डॉक्टरांच्या त्या ओसरीवर मीच आडवा झालो होतो, आणि पाणी मारून मला शुद्धीवर आणलं ते मारुतरावांनी, डाव्या हातानं. नकुशी हसली ती याला.