माळदऱ्याचे वीरगळ

२ फेब्रुवारी ७३, शुक्र.
दुष्काळी कामावर आज दिवसभर हात रिकामे. तलावाच्या बांधाला लावायला दगडच नाही. सुरुंगाची दारू येईना आणि डोंगराचा काळा फत्तर पहारीला दाद देईना. बाया नुसत्या उन्हात बसून. दुपारी ओव्हरसीयर जीपमधून आला, आबासाहेबांना बाजूला घेऊन बोलला. आबासाहेब मजूर सोसायटीचे चेअरमन, काम त्यांनीच गावाला मिळवून दिलं. परत आले ते तोंड उतरून.
शेजारी बसलेली शांता म्हणाली, "काम जातंय बग. खालच्या गावाला देत्यात."
घरी मामांना, सासऱ्यांना, बोलले नाही. ते देवळातून आले, निम्मी भाकरी खाल्ली, निम्मी नातीच्या, कमळीच्या ताटात सारली. रोजचंच. म्हातारा लई वाळला. मिलोचा, रेशनच्या लाल ज्वारीचा, वास सहन होत नाही म्हणतात, पण खरं कारण ते नाही.

५, सोम.
आबासाहेब सकाळीच देवळात. मी झाडत होते. देवळापुढं वीरगळांची रांग आहे, तिच्याकडं बघत म्हणाले, "गुरवबाबा, हे द्या बांधाला."
मामांना चेष्टा वाटली. "कावून?"
"तासलेला दगड हाय. न्यायला उतार हाय. आठ-धा दिसात थर न्हाई लागला तर काम बंद."
"दगड कुणाला म्हंता? माणसं हायती ती."
आबासाहेब गेले. मामा तिथंच बसले.
लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मला या रांगेपुढं उभं केलं होतं. पूर्वी घाटानं बैलांचे तांडे वर चढायचे, आमच्या गावाची माणसं वाट राखायची. लुटारूंशी लढून जो मेला त्याचा दगड. खाली लढाई, मधे त्याला अप्सरा नेताहेत, वर तो महादेवापुढं हात जोडून. ज्याच्या त्याच्या घरचा दगड ठरलेला. लग्नाची हळद आधी त्याला, मग नवऱ्याला. शेवटचा धनगराचा. त्याच्यावर तळाशी गाया कोरल्यात. गाया सोडवताना मेला. तो भिवाजीच्या घरचा.
रझाकारीत सगळं गाव रानात पळून गेलतं, मामा एकटे इथं राहिलते. दिवा विझू दिला नाही. आता त्यांना कोण सांगणार.

७, बुध.
देवळापुढं बैठक. सगळं गाव. जे उसाला गेलेत त्यांच्या बाया तरी होत्याच. आमचे हे पण कारखान्याकडंच, दिवाळीपासून.
आबासाहेबांनी खरं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. मामा एकच बोलत राहिले, "माज्या जिवात जीव हाय तवर न्हाई." कोणीच त्यांच्यापुढं तोंड उघडेना. शांताचं पोर मांडीवर, डोळे खोल गेलेले. कामावर मिळते ती सुकडी देते तरी पोटात राहत नाही त्याच्या.
मी उठले. का उठले ते…
म्हणाले, "मामा, नेऊ द्या. काम गेलं तर ह्या रांगेला हळद लावायला घरं तरी कुठं राहतील?"
मामांनी माझ्याकडं बघितलं. चिडून नाही. ओळख नसल्यासारखं. मग भिवाजी म्हणाला, "सून खरं बोलती, बाबा. न्या." एकेक मान हलली.
मामा उठून गाभाऱ्यात गेले.

९, शुक्र.
आज नेले.
मामांनी प्यायच्या पाण्यातला आपल्या वाट्याचा तांब्या घेतला. फडकं भिजवून एकेक दगड पुसत गेले. पुसताना नाव घ्यायचे, घर सांगायचे. त्या त्या घरची बाई पुढं येऊन पाया पडायची, मग गडी पहार लावायचे. कोणी रडलं नाही. पाणी शेवटपर्यंत पुरलं नाही, धनगराचा दगड त्यांनी कोरड्या हातानं पुसला.
तिथंच झालं काय ते. पहार लागली आणि भिवाजी आडवा पडला. दगडाला मिठी मारली. "ह्यो न्हाई! ह्यो न्हाई देत!"
शांताचा नवरा बाबू म्हणाला, "परवा तर न्या म्हनलास बे. आमचे चालले तवा बोलला न्हाईस!"
"माजी मेंढरं गेली. गाय छावणीत मेली. एवढा एक तरी ऱ्हाऊ दे."
आबासाहेबांनी बाबूला मागं ओढलं. म्हणाले, राहू द्या एक. भिवाजीनं दगड दोरानं ओढत ओढत आपल्या वाड्याकडं नेला, मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात. कुणी हात लावला नाही मदतीला. मी पण नाही.
मामा जेवले नाहीत. बोलले नाहीत.

१०
बांधावर लांबडे दगड बसेनात. आबासाहेब दुसरीकडं बघत म्हणाले, फोडा. घण लागला. मी पाटीत जे उचललं त्यात घोड्याचं तोंड होतं. पालथं करून डोक्यावर घेतलं.
ओव्हरसीयर साहेबानं माप घेतलं. एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला. "हे कुठून आणलं?" आबासाहेब म्हणाले, डोंगरातनं. त्यानं तुकडा खाली ठेवला आणि कागदावर लिहिलं. काम चालू राहणार.

१२, सोम.
दोन दिवस गावात तेच. आमचा फुटला, त्याचा का नाही. टँकरच्या रांगेत बाया भिवाजीच्या बायकोशी बोलेनात, तिची घागर मागं सारली. मी म्हणाले, "असं करू नका." शांता उसळली, "तूच सगळ्यांचे द्यायला लावलेस ना? मग त्यांचाबी दे म्हन की!"


१३
आज भिवाजी कामावर असताना बाबू आणि दोघं वाड्यात गेले. दगड फोडून टाकला. बांधाला पण आणला नाही, तिथंच तुकडे टाकून आले. त्यातून कुणाचं काय भलं झालं?
आबासाहेब बाबूला सगळ्यांसमोर बोलले, कामावरून काढतो म्हणाले. काढलं मात्र नाही. त्याचं पोर आजारी आहे.

१४
सकाळी भिवाजीचं बिऱ्हाड निघालं. नांदूरघाटाकडं बायकोचा भाऊ आहे म्हणे. बायको पुढं, उरलेल्या दोन शेरड्या, डोक्यावर गाठोडं. मी वाटेत भाकरी घेऊन उभी होते. तिनं घेतली नाही. भिवाजीनं घेतली.
म्हणाला, "तुजं काय चुकलं न्हाई. तू बोलली त्ये खरंच हुतं." मग, "पर आता इथं बगून बगून जीव जाईल."
मामा घाटाच्या तोंडापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. परत आल्यावर माझ्याशी बोलतील असं वाटलं होतं.

शिवरात्र
यात्रा नाही. नारळ नाहीत. बाया आल्या त्या पिंडीला हात लावून तशाच परत. रांगेच्या जागी खड्डे आहेत, जपून पाय टाकावा लागतो. शांता आली, तिचं पोर जरा सावरलंय. माझ्या हाताला धरून खड्ड्यातून पलीकडं गेली.
मामा माझ्या हातचं खातात. पाणी दिलं तर घेतात. कमळीशी बोलतात. माझ्याशी नाही.

२० मार्च
बांध पुरा झाला. फोटो काढला. वरून बघितलं तर काही कळत नाही, सगळा दगड सारखाच दिसतो. एका जागी पाय कोरलेले दिसतात, गुडघ्यापासून खाली.
आबासाहेब म्हणाले, पाणी भरलं की हे सगळं दिसेनासं हुईल. बरं वाटावं म्हणून म्हणाले बहुतेक. त्यांच्याही घरचा वीर त्यातच आहे.

पाडवा
हे आले. अंगावर नुसती हाडं, हात उसाच्या पाचटानं चिरलेले. गुढी उभारली, कडुलिंबाला पाला होता तेवढा. साखरेची गाठी कमळीसाठी आणलीय.
देवळापुढचे खड्डे बघून आले. कोणीतरी वाटेतच सगळं सांगितलं असणार, मला काही विचारलं नाही.
मग म्हणाले, कारखान्यावर कायमचं राहायला जागा मिळतीय, वॉचमनच्या कामावर. "बाबांना पण नेऊ. हितं काय ऱ्हायलंय आता?"
मामा ऐकत होते. उठून देवळात गेले.

६ एप्रिल, शुक्र.
बाबूची बैलगाडी उद्या सकाळी तेलगावपर्यंत सोडणार. मामा येत नाहीत. यांनी खूप समजावलं, शेवटी ओरडले. मामा म्हणाले, "दिवा कोन लावील?"
मी एकटी देवळात गेले. पाया पडले आणि विचारलं, "मामा, माझ्यावर राग आहे म्हणून येत नाही का?"
मग बोलले. दोन महिन्यांनी.
"तू बोलली नसतीस तर मीच न्या म्हनलो असतो का, त्ये मला ठावं न्हाई. त्या दिशी शांताचं पोर मलाबी दिसत हुतं." मग म्हणाले, "तू बोललीस म्हून मला बोलावं लागलं न्हाई. ह्याचाच राग हाय. तुजा न्हाई."
वात सारली आणि बसून राहिले.
घरी आले तर हे भांडी बांधत होते. म्हणाले, तवा त्यांना ठेवायचा का न्यायचा? मी म्हणाले, थांबा जरा. तेव्हापासून तवा तसाच मधे पडलाय, आणि हे माझ्याकडं बघताहेत.