फिंटन बुडाला नव्हता

प्रिय मलाकी,

'प्रिय' सवयीने पडलं. मनावर घेऊ नकोस.

तुझं पुस्तक मिळालं. '१९२२: आपल्या गावाचं एक वर्ष'. घडामोडी, जन्म, मृत्यू, सगळं तारीखवार. प्रस्तावनेत पाद्रीबाबांनी तुला गावाची स्मरणशक्ती म्हटलंय. वाचून मला चहाचा ठसकाच लागला. पूल उडवला त्याला दीड पान. तुझ्या काकाच्या घोडीने जत्रेत शर्यत मारली त्याला अर्धं. आणि माझ्या भावाला एक ओळ: 'फिंटन लूनी, वय बावीस, नदीत बुडून अपघाती मृत्यू.'

बुडून? लहानपणी त्याच नदीत तू गटांगळ्या खात होतास, तेव्हा केसांना धरून तुला बाहेर कुणी ओढलं होतं रे? ती घडामोड कुठल्या वर्षात घालणार आहेस?

इंग्रजांशी झालेला तह मानणारे आणि न मानणारे आपलेच लोक एकमेकांवर उठले, तेव्हा फिंटनने बंदूक तुमच्या म्होरक्याला परत केली. इंग्रजांशी लढलो, शेजाऱ्यांशी लढणार नाही म्हणाला. तेवढ्यावर तुम्ही त्याला फितूर ठरवलंत. त्या रविवारी सकाळी मी पावाचं पीठ मळत होते. बाहेरून तुझा आवाज आला, "गॉबनेट, मी आहे गं. फिंटनला जरा बाहेर पाठव." पुढच्या महिन्यात आपलं लग्न होतं. पिठाच्या हातांनीच मी कडी काढली. अर्धी दाढी केलेला फिंटन हसत बाहेर गेला. अंगणातल्या जळणाच्या ढिगामागे दोन गोळ्या वाजल्या. नदीत तुम्ही त्याला नंतर टाकलंत.

चाळीस वर्षं मी गप्प राहिले, ती तुझ्यासाठी नव्हे. एवढा मोठा तू कधीच नव्हतास. कडी मी काढली, हे आईला कळू नये म्हणून गप्प राहिले. आई मार्चमध्ये गेली.

काल तुझी लेक ग्रान्या आली होती. दुसऱ्या आवृत्तीसाठी फिंटनचा फोटो मागत होती. बाबा तुमच्या फाटकावरून कधीच का जात नाहीत, असंही तिने विचारलं. मी सांगितलं. पोरीने कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "हे लिहून द्या. मी स्वतः त्यांच्या हातात देते." म्हणून हे पत्र. तुझं वाचून होईपर्यंत ती समोरून हलणार नाहीये. आता मान वर कर, मलाकी.

तुझी होता होता वाचलेली,
गॉबनेट