बरणीवरची चिमणी

आई, लुंडहून इल्वाची घट्ट मिठी.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

पेशीच्या पडद्यातलं प्रथिन चरबीच्या लगद्यात घोळवून मी दोन वर्षं त्याचे स्फटिक वाढवत होते ना, ते अखेर वाढले. लगदा गारठला की सगळं नासतं, म्हणून सुट्टीवर जाताना स्फटिकांची काचपट्टी प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या हेन्निंगच्या हवाली केली. मी परतल्यावर तो म्हणाला, "गारठली गं, फेकून दिली." उलट मीच त्याची समजूत काढली!

आज सभेत त्याने 'स्वतःच्या' काचपट्टीचा फोटो दाखवला. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मग फोटोतल्या काचेच्या कोपऱ्यात दिसली चिमणी, तू जॅमच्या बरण्यांवर काढतेस तशी. माझ्या प्रत्येक काचेवर मी तीच काढते.

काळजी करू नकोस. जॅम पाठवताना तू नेहमी हेन्निंगसाठीही एक बरणी घालतेस. या वेळी एकच पाठव.

तुझीच,
इल्वा