राणी माझं ऐकत नाही

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग प्रत्यक्ष घालायला गेलो तर खाली जाईन, पण वर येण्याची खात्री नाही, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालतोस ना, की वहिनी बाटली घेऊन मागे फिरतात आणि तू घट्ट डोळे मिटून बसतोस? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे ठीक आहे. हिचा खोकला गेला, माझी नवी कवळी आली आणि दारात एक गाडी आली. त्यातल्या गाडीबद्दल सविस्तर लिहायचं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन घेतलास तर "बरं" म्हणतोस आणि वहिनींच्या हातात देतोस. एवढ्या मोठ्या हकिकतीला एक "बरं" फार अपुरं पडेल, म्हणून कागद घेतला.

गाडी आमच्या कन्येची. तिची बदली परदेशी झाली आणि जाताना ती गाडी आमच्या गळ्यात मारून गेली. चालवते ही. (डेपोच्या मागच्या मैदानात रिकामे ड्रम मांडून तूच हिला शिकवलं होतंस. ड्रम किती आडवे झाले ते तू कोणाला सांगितलं नाहीस, मीही सांगत नाही.) मी शेजारी बसतो. आता शेजारी बसणाऱ्याला काहीतरी काम हवं की नाही? पूर्वीच्या गाडीत असायचं. रेडिओचं बटण फिरवावं, काच हाताने वरखाली करावी, गार वारा हवा तर खालची झडप पायाने लोटावी. या गाडीत बटणच नाही. मधोमध एक मोठा काळा पडदा आहे आणि त्याच्याशी बोलायचं असतं. गाणं, थंडी, वाट, फोन, सगळं तोंडी. जाण्याआधी कन्येने तासभर शिकवणी घेतली. पडद्यातल्या बाईला आधी नावाने हाक मारायची, तिने "बोला" म्हटलं की हुकूम सोडायचा. हाक मारायचं नाव कन्येने स्वतःच ठेवलं होतं, राणी.

दादा, तू मला ओळखतोस. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी हिला कधी राणी म्हटलं नाही. (आपल्या घरात कोणी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. बाबा आईला हाक मारायची झाली तर खोकायचे.) आणि आता मी रोज हिच्या शेजारी बसून, समोर बघत, गोड आवाजात "राणी" म्हणतो. पहिल्या दिवशी हिने इतकं दचकून पाहिलं की गाडी फुटपाथला लागता लागता राहिली. नंतर हिला सवय झाली, पण राणीला काही माझी सवय होईना.

मला वाटलं होतं, बोलून काम करवून घ्यायचं म्हणजे माझ्या हातचा मळ. मी बोललो की माणसं पळायची, तू पाहिलेलं आहेस. एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीवरच्या त्या खोलीत माईकसमोर बसून मी "फलाट बदलला आहे" एवढंच म्हणायचो आणि खाली बोचकी, पोरं, छत्र्या, सगळा गाव या टोकाचा त्या टोकाला जायचा. त्याच आवाजात मी राणीला म्हणालो, "राणी, कृपया इकडे लक्ष द्यावे. गाडीतील हवा अतिशय गार झाली असून ती जास्त गार नको आहे." राणीने त्यातलं "जास्त गार" तेवढं उचललं. हिला शिंका सुरू झाल्या. मी पुन्हा, अधिक स्पष्ट, अधिक सावकाश सांगितलं. राणी म्हणाली, "क्षमस्व, मला समजले नाही." डेपोत एखाद्याला समजलं नाही तर तो खिडकीशी येऊन भांडायचा, मीही भांडायचो, आणि दोघांनाही बरं वाटायचं. राणी इतक्या सभ्यपणे क्षमा मागते की भांडण सुरूच करता येत नाही. शेवटी हिने नाक पुसत, पडद्याकडे न बघता नुसतं "राणी, एसी बंद" म्हटलं, आणि बंद.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "राणी, जुनी गाणी लाव." (नव्या कवळीमुळे माझा 'ण' जरा घसरतो हे मान्य.) ती म्हणाली, "जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे निघू या," आणि डावीकडे वळायला सांगितलं. गाडी चालवताना ही जो सांगेल त्याचं ऐकते; घरातही असं ऐकत असती तर आयुष्य वेगळं झालं असतं. ही वळली. मला वाटलं, गाणं सुरू व्हायच्या आधी असतं काहीतरी. बऱ्याच वळणांनंतर आम्ही एका पत्र्याच्या फाटकातून आत गेलो, तर एक जाडजूड दलाल हसत बाहेर आला आणि बॉनेटवर टिचकी मारून गाडीभोवती फिरायला लागला. गाडी विकायची नाही, आम्हाला गाणी हवी होती, हे मी त्याला समजावत होतो तोवर हिने उत्सुकतेपोटी किंमत विचारून घेतली. तेव्हापासून ही राणीकडे जरा आदराने बघते.

असो. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण परवा जे झालं त्यासाठी खरं हे पत्र आहे.

हिची मावशी आता लेकीकडे राहायला गेलीय, तू चालवायचास त्या डोंगरावरच्या एसटीच्या शेवटच्या थांब्याच्या गावी. तिला भेटून यायचं ठरलं. मी नोकरीभर त्या गावाचं नाव पुकारलं, पण तिथे कधी गेलो नाही, हे तुला तरी आठवतं का? मला वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळतं. डेपोतल्या माणसाला गाडी लागते हे साहेबांना कळू नये म्हणून तू सगळ्यांना सांगायचास की याला सुट्टीच मिळत नाही. म्हणजे ज्या वाटेचा एकेक थांबा मी झोपेतही ओळीने म्हणू शकतो, ती वाट मी पाहिलेली नाही.

तुझी ती दुपारची गाडी पुकारताना मी थोडी लांबड लावायचो. बाकीच्या गाड्यांना नुसतं शेवटचं गाव, आणि तुझ्या गाडीला सगळे थांबे. साहेबांनी एकदा वर येऊन विचारलं होतं की याच गाडीचे एवढे लाड का. मी म्हणालो, वाटेतली माणसं साधी आहेत, त्यांना सगळं सांगावं लागतं. खाली तू स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसायचास. माझं संपल्याशिवाय कधी गाडी हलवली नाहीस, आणि फाटकातून बाहेर पडताना दोनदा हॉर्न द्यायचास. पलीकडच्या गल्लीत आईला घरात दोन्ही ऐकू यायचं. आधी धाकट्याचा आवाज, मग थोरल्याचा हॉर्न. मग ती शिवणाचं यंत्र पुढे ओढायची. दोघं पोटापाण्याला लागलेत याची तिला रोज दुपारी पोच मिळायची. आता डेपोत भोंग्यांच्या जागी पाट्या लागल्यात, अक्षरं आपोआप सरकतात. माणसं मान वर करून वाचतात. दचकत कोणी नाही.

तर आम्ही निघालो. राणीला पत्ता हिनेच सांगितला. शहर संपेपर्यंत ठीक होतं. चढ सुरू झाला आणि ढग खाली उतरले, पुढचं नीट दिसेना. एका ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटले, तिथे पडद्यावरचा बाण स्वतःभोवतीच फिरायला लागला. राणी म्हणाली, शक्य असेल तेव्हा मागे वळा. मग म्हणाली, नेटवर्क उपलब्ध नाही. मग काहीच म्हणाली नाही. हिने गाडी बाजूला घेतली. विचारायला आसपास चिटपाखरू नव्हतं.

"आता?" ही म्हणाली.

मला काय वाटलं कोण जाणे, मी डोळे मिटले आणि सुरू केलं. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. जुनी गिरणी, दोन पूल, वखार, वरची शाळा, मोडकी चौकी, पाणवठा मार्गे… डोळे उघडले तर उजव्या फाट्यावर, ढगातून, धुराडं दिसत होतं. नुसतं धुराडं, त्यात झाड उगवलेलं. ही म्हणाली, "गिरणी." आणि गाडी उजवीकडे घातली.

त्यानंतर, दादा, मी पुकारत गेलो आणि थांबे येत गेले. दोन पूल म्हणजे मला वाटायचं मोठे कमानीचे असतील. ते गुडघ्याएवढे आहेत, एक संपेपर्यंत दुसरा सुरू होतो. वखार मी लाकडाच्या राशी डोळ्यांसमोर आणून इतकी वर्षं मोठ्या तोऱ्यात पुकारली, ती एक पडवी आहे आणि तिच्यात एक म्हातारा खाटेवर निजला होता. वरची शाळा रस्त्याच्या खाली आहे. (हे तू मला कधी सांगितलं कसं नाहीस? मी माईकवर इतकी वर्षं लोकांना वर पाठवत होतो.) मोडकी चौकी नवी कोरी, पिवळ्या रंगाची. आणि पाणवठ्याशी ढग फाटले आणि सगळी दरी एकदम खाली उघडली. हिने न सांगता गाडी थांबवली. आम्ही उतरून कठड्याशी उभे राहिलो. तू हे रोज बघायचास. घरी येऊन पाय धुऊन जेवायला बसायचास आणि आईने विचारलं, काय रे आज काय विशेष, तर म्हणायचास, काही नाही. मी नुसतं नाव घ्यायचो आणि तू बघून यायचास. मला त्या कठड्याशी तुझा थोडा हेवा वाटला, आणि मळमळलंही नाही.

मध्ये एक गोष्ट झाली ती तुला ठाऊकच आहे. गिरणी मागे पडल्यावर मी हिला म्हणालो की ही दादाची वाट, आणि राणीने चुकून ऐकून तुला फोन लावला. आमचं लक्ष नव्हतं. माझं पुकारणं चालूच होतं. पलीकडून कोणी बोलत नव्हतं, नुसती कुकरची शिट्टी आली तेव्हा मी म्हटलं, गाडीचं इंजिन तापलं. पाणवठ्याला उतरताना पडद्यावर तुझं नाव दिसलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, तू फोन कानाला लावून खुर्चीत बसला होतास, आणि तुझा डावा पाय क्लचवर असल्यासारखा फरशीवर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. लायसन्स गेल्यापासून तू त्या खुर्चीतून गॅलरीपर्यंत जात नाहीस, हे त्यांनी आम्हाला मागेच सांगितलं होतं. त्या दिवशी फोन बंद झाल्यावर तू चपला घातल्यास, कठड्याला धरून जिना उतरलास आणि फाटकाशी उभा राहून आलास. वहिनी हे सांगताना मध्येच थांबल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, काही नाही.

मावशी मजेत आहे. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे भेट फार छान झाली. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. डोळ्याला जप, आणि उत्तर पाठव. त्यात "बरं" सोडून आणखी एखादा शब्द असू दे.

तुझा धाकटा

ता. क. राणीने चुकून फोन लावला असं वर लिहिलंय. राणी माझं ऐकत नाही हे सगळं खरं आहे, पण तेवढं एक तिने पहिल्या झटक्यात ऐकलं. "राणी, दादाला फोन लाव," एवढंच म्हणालो होतो. कृपया वगैरे काही म्हटलं नाही.

आणखी एक. येत्या रविवारी सकाळी आम्ही तुझ्या दारात येतोय. पुढची जागा तुझी, मी मागे बसेन. (पिशवी बरोबर ठेवतो.) वहिनींशी बोलणं झालंय, त्यांनी तुझे बूट काढून पुसून ठेवलेत. डोळ्याचं कारण सांगू नकोस. कुठे काय आहे ते मी पुकारीन, वळण किती अवघड आहे ते तू हिला सांग. वखारीतल्या त्या म्हाताऱ्याची मला चौकशी करायची आहे, तो तुला नक्की ओळखत असणार.

भावजी, नमस्कार. पाकीट मी बंद करते आहे, त्यामुळे खालचं यांनी वाचलेलं नाही. नेटवर्क नव्हतं तर तुम्हाला फोन लागला कसा, हे यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. गिरणी ओलांडली तेव्हाच ते परत आलं होतं. माझ्या बाजूला, स्टिअरिंगमागे एक छोटा बाण दिसतो, तो यांच्या जागेवरून दिसत नाही. राणी बोलायला लागणार म्हणून मी स्टिअरिंगवरच्या खटक्याने तिचं वाट सांगणं तेवढं बंद केलं, कारण हे पुकारत होते आणि असा आवाज मी यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शेवटपर्यंत मी एका डोळ्याने बाण बघत होते. एकही थांबा मागेपुढे झाला नाही. रविवारी आमच्याबरोबर याच.