पाण्याखाली दाबलेलं बटण

ताई,

तुझ्या बॅगेतली नवी टॉर्च मी हातोड्याने फोडली. बोंबलू नकोस. बुडणाऱ्यांना काढायला पाण्यात उतरताना जुनी, जडच घेऊन जा.

‘खिशात मावते, पाण्याने बिघडत नाही,’ असे अकलेचे तारे मीच तोडून दोघांसाठी दोन आणल्या. बादलीत बुडवून ठेवल्या, पण बटण पाण्याखाली दाबून पाहिलं नाही. काल रात्री गढूळ पाण्यात मी माझ्या टॉर्चचं बटण दाबलं, आत पाणी शिरलं आणि ती विझली. ज्याला काढायला उतरलो होतो, त्या बुडणाऱ्या माणसाने माझा गळा आवळला. सुटायला मी त्याच टॉर्चने त्याचं तोंड फोडलं. त्याची पकड सुटली, पण अंधारात तो परत हाती लागला नाही.

सकाळी प्रेत सापडलं. त्याच्या बायकोने तोंडावरच्या जखमांचं विचारलं. सगळे म्हणाले, दगड लागले असतील. मीही मान डोलावली.

आता तिच्याकडेच निघालोय. माझी टॉर्च सोबत घेतली आहे.